क्लचजवळचं तेल आणि वहीतली एक ओळ



संयोजक निमंत्रण द्यायला घरी आले, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी दर्शनांवर वगैरे बोलेन. मी म्हणालो, मला ट्रॅक्टरवर बोलायचंय. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "सर, म्हणजे शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास?" मी म्हणालो, "तसंही म्हणा. पण खरं म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचजवळ तेल गळतं, त्या गळतीचा इतिहास." त्यांनी तो विषय पत्रिकेवर छापला नाही. तुमच्या हातात जी पत्रिका आहे, तिच्यावर 'यंत्र आणि आपण' असं भारदस्त काहीतरी आहे. तरी तुम्ही आलात. मागच्या रांगेत गॅरेजवाले तीन-चार जण दिसतायत, त्यांचे विशेष आभार. आज माझी चूक झाली तर ती तेच पकडणार आहेत.

मला सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या ट्रॅक्टरचा इतिहास आपण खरेदीवरून सांगतो. पहिला ट्रॅक्टर कोणत्या पाटलांनी आणला, कोणत्या साली आणला, नारळ कोणी फोडला. झेंडूची माळ घातलेल्या बॉनेटपुढे फेटा बांधून उभे असलेले आजोबा, असा एक फोटो शहादा-तळोदा भागातल्या पुष्कळ घरांत आहे. आमच्याही घरात आहे. पण यंत्र विकत घेतल्यानं आपलं होत नाही. ते बिघडतं, उघडावं लागतं, पुन्हा जोडावं लागतं आणि पुन्हा चालतं, तेव्हा ते आपलं होतं. ते ज्यांनी उघडलं आणि जोडलं, त्यांचं नाव फोटोत नाही आणि वहीतही नाही. वहीत नाव नसतं तेवढ्यावर भागलं असतं. कधीकधी वहीत त्यांच्याविषयी खोटं लिहिलेलं असतं. अशी एक खोटी ओळ आमच्या घरच्या वहीत आहे. आजचं व्याख्यान हे तिचं दुरुस्तीपत्र समजा.

आधी थोडं यंत्राविषयी. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाच मिनिटं सांभाळून घ्यावं.

ट्रॅक्टरमध्ये पुढं इंजिन, मागं गिअरची पेटी, आणि दोघांच्या मधे क्लच. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड लोखंडी चाक फिरत असतं, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून एक पातळ गोल प्लेट असते आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. दाब आहे तोवर प्लेट फ्लायव्हीलबरोबर फिरते आणि इंजिनाची ताकद मागं जाते. पायानं क्लच दाबला की दाब सुटतो आणि ताकद तुटते. हा सगळा कारभार घर्षणावर चालतो, म्हणून जुन्या ट्रॅक्टरचा क्लच कोरडा असावा लागतो. आता गंमत पाहा. या कोरड्या खोलीच्या पुढच्या भिंतीपलीकडे इंजिनाचं तेल आहे आणि मागच्या भिंतीपलीकडे गिअरचं तेल आहे. दोन्ही भिंतींना भोकं आहेत, कारण त्यांतून फिरते दांडे जातात. त्या दांड्यांभोवती सील बसवलेलं असतं. दोन विहिरींच्या मधे कोरडं कोठार बांधावं, तसली ही रचना. सील थकलं की तेल आत येतं, प्लेट ओली होते आणि क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

ही रचना आली कुठून? १९१७ साली अमेरिकेत डिअरबॉर्नला हेन्री फोर्डनं फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याआधीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना खाली चौकट असे, बैलगाडीला साटा असतो तशी, आणि तिच्यावर इंजिन ठेवलेलं असे. फोर्डसनमध्ये ती चौकटच काढून टाकली. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांचे ओतीव डबे एकमेकांना बोल्टांनी जोडले. डबे हाच सांगाडा. त्यामुळे लोखंड वाचलं, किंमत उतरली, यंत्र हजारोंनी निघू लागलं. पुढं हॅरी फर्ग्युसनचा लहानसा करडा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला तयार होऊ लागला, त्याचीही बांधणी अशीच. आपल्याकडे जे ट्रॅक्टर रुजले, त्यांतले बहुतेक याच घराण्यातले.

याचा परिणाम असा की क्लचपर्यंत हात पोचवायचा तर ट्रॅक्टर मधून दोन करावा लागतो. दुसरी वाटच नाही. आत चाळीस-पन्नास रुपयांचं सील असेल, पण ते बदलायला अख्खा ट्रॅक्टर खोलायचा. डिअरबॉर्नमध्ये कोणीतरी लोखंड वाचवलं, आणि त्याची किंमत शहाद्याच्या मिस्त्रीची कंबर आजतागायत भरतेय. इतिहास असा दूरवर जाऊन वसूल होतो.

आता आपल्याकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर १९०३ मध्ये केला. तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन नासते, विष पसरतं. आपण ती गोष्ट हसून सांगतो. पण त्या शंकेत एक शहाणपणाचा भाग होता. लाकडी नांगर गावचा सुतार नीट करू शकतो, हा नवा नांगर मोडला तर कोणाकडे न्यायचा? नव्या वस्तूपुढे शेतकऱ्याचा खरा प्रश्न हा असतो. चालते कशी हे तो लगेच शिकतो. बिघडली तर काय, हे त्याला आधी कळायला हवं असतं.

स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर सरकारी होता. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. मध्य भारतातल्या काळ्या जमिनींत कांस नावाचं खोल मुळांचं गवत माजलं होतं, ते उपटून जमीन लागवडीला आणायला हे अवजड ट्रॅक्टर होते. केंद्रीय ट्रॅक्टर संघटना ते चालवत होती. मग कारखाने आले. १९५९ मध्ये फरीदाबादला आयशर, १९६० मध्ये मद्रासला टॅफे. १९६३ मध्ये आपल्या मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. तिचा कांदिवलीचा बी-२७५ खानदेशात म्हातारे लोक अजून नुसता 'इंटरनॅशनल' म्हणून ओळखतात. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज निघाला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी केला होता.

हे सगळं पुस्तकात मिळतं. पुस्तकात मिळत नाही ते असं की तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, तापीकाठच्या काळ्या जमिनीत, हे यंत्र बिघडलं की काय होई. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आमचं सरकार धुळ्याला आणि आमचे सुटे भाग धुळ्याला, नाहीतर तापी खोऱ्याच्या रेल्वेनं सुरतेला. मॅन्युअल इंग्रजीत. कंपनीचा माणूस आला तर आला. सहकारी साखर कारखाना निघाला, उसाचं क्षेत्र वाढलं, ट्रॉल्या वाढल्या. क्लच सगळ्यांत जास्त मरतो तो ट्रॉलीत. आणि या सगळ्यात ट्रॅक्टरवर बसणारा माणूस कोण होता? आमच्या गावात तो बहुतेक वेळा सालदाराचा मुलगा होता, भिल्ल समाजातला. बाप बैलांमागे, मुलगा स्टिअरिंगवर. साल तेच. आखाजीला धरायचं, पुढच्या आखाजीला हिशेब.

आता वहीची गोष्ट.

१९७४ साल. मी एम.ए. होऊन घरी आलो होतो, प्राध्यापकाच्या नोकरीच्या जाहिराती बघत होतो. तर्कशास्त्रात मला चांगले गुण होते आणि ते मला फार चांगले ठाऊक होते. आमच्याकडे ट्रॅक्टर होता. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण हा दोष कंपनीचा नाही, त्या बांधणीच्या आणि त्या वयाच्या कुठल्याही यंत्राला तो होतो. तो काळही सांगायला हवा. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीचं प्रकरण झालं होतं. अंबरसिंग महाराजांनी जागं केलेले आदिवासी शेतमजूर आणि १९७२ ची श्रमिक संघटना, यांमुळे शहाद्याचं नाव देशभर पोचलं होतं. गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, वागणूक, हे सगळे प्रश्न रस्त्यावर आले होते. आमच्यासारख्या घरांत तेव्हा एक ताठरपणा होता. मजूर काही बोलला की, "हं, आता हेही बोलायला लागले."

होळी झाली होती. नांगरटीत ट्रॅक्टर घसरायला लागला. तासभर चाललं की इंजिनाचा आवाज चढायचा आणि नांगर जागीच. गाव सोडून बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर खोलला. प्लेट काळी पडलेली, जळालेली. तिथला माणूस म्हणाला, "ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो." वडिलांनी ड्रायव्हरला बोलावलं. तो माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "आबा, मी पाय ठेवत नाही. दोन महिने झाले, जळक्या तेलाचा वास येतो. मी बोललो होतो."

तो बोलला होता, हे खरं होतं. मी ओट्यावर बसलेलो असताना त्यानं ते वडिलांना सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, "ट्रॅक्टरला तेलाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येईल?" आणि मी हसलो होतो.

त्या दिवशी मी हसलो नाही, त्याहून वाईट केलं. मी युक्तिवाद केला. म्हणालो, क्लचवर पाय ठेवला की प्लेट जळते. प्लेट जळालेली आहे. म्हणजे पाय ठेवला होता. ओट्यावरच्या लोकांना ते फार पटलं. शिकलेला मुलगा बोलतोय.

इथं कोणी तर्कशास्त्राचे विद्यार्थी असतील त्यांना कळलं असेल. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, अंगण ओलं आहे, म्हणून पाऊस पडला. सडा टाकला असेल की! उत्तरांग खरं आहे म्हणून पूर्वांग खरं मानण्याचा हा दोष पहिल्या वर्षाला शिकवतात. परीक्षेत मी तो बरोबर ओळखला होता. ओट्यावर मीच तो केला, कारण निष्कर्ष मला आधीच ठाऊक होता. चूक ड्रायव्हरची असायलाच हवी होती.

आखाजीला हिशेब झाला. वहीत वडिलांच्या अक्षरात ओळ पडली: क्लच प्लेट, निम्मे ड्रायव्हरच्या खात्यातून. त्यानं साल पुढं धरलं नाही. तो गेला.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, ट्रॅक्टर पुन्हा घसरायला लागला. नवी प्लेट, नवा ड्रायव्हर, तोच रोग. या वेळी वडिलांनी तालुक्याहून एक मिस्त्री आणला. चौथी शिकलेला, पन्नाशीचा माणूस. तो आला आणि त्यानं पाना हातात घेतलाच नाही. तो ट्रॅक्टरच्या खाली आडवा झाला.

क्लचच्या त्या कोरड्या खोलीला तळाशी एक लहान भोक असतं. त्यात एक दोन पायांची पिन सैल लोंबत ठेवलेली असते. ती सैल असणं महत्त्वाचं. ट्रॅक्टर चालला की ती हलते आणि भोक मोकळं राहतं. आत तेल आलंच तर ते प्लेटवर साचण्याआधी इथून गळावं आणि मालकाला दिसावं, एवढ्यासाठी ते भोक. आमची पिन हलत नव्हती. भोकात काळी माती आणि तेल यांचं दगडासारखं बूच झालं होतं. मिस्त्रीनं तारेनं ते कोरलं. आणि तेल यायला लागलं. थेंब थेंब नाही, धार.

त्यानं बोटावर घेतलं, उन्हात धरलं, हुंगलं, दोन बोटांत चोळलं. गिअरचं तेल असतं तर ते जाड, पिवळसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. हे पातळ होतं आणि काजळीसारखं काळं. म्हणजे इंजिनाचं. मागची भिंत सुटली, पुढच्या भिंतीवर आळ आला. मग तो उठला आणि तिसऱ्याच ठिकाणी गेला, इंजिनाच्या ब्रीदरकडे. तो काढून त्यानं वडिलांच्या हातात दिला. भुसा, धूळ आणि तेलानं तो पूर्ण बुजलेला होता. मिस्त्री आमच्याशी अहिराणीत बोलला, ते वाक्य मला पाठ आहे: "आबा, तेल आठे दिखस, पन रोग तठे शे." तेल इथं दिसतंय, पण रोग तिथं आहे.

इंजिनात जळालेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलाच्या खोलीत उतरतोच. त्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो. तो बुजला की आत दाब चढतो, आणि दाब जिथं सगळ्यांत कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. ती जागा म्हणजे मागचं सील. नुसतं सील बदललं असतं आणि ब्रीदर तसाच ठेवला असता, तर दिवाळीपर्यंत पुन्हा तेच.

मी त्या वेळी काही बोललो नाही. पण पुढं बऱ्याच वर्षांनी न्यायसूत्रांवर वर्ग घेताना मला तो माणूस ट्रॅक्टरखाली आडवा झालेला दिसला. गौतमानं अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितलेत, त्यांतलं एक शेषवत्. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचे दोन अर्थ दिलेत. एक, कार्यावरून कारणाकडे जाणं. उदाहरण नदीचं आहे. नदी फुगलेली दिसते, म्हणून वर पाऊस झाला असणार. आपल्याला हे शिकवायला नको. प्रकाशाला तापी गढूळ होऊन चढली की आपण म्हणतो, वर मध्य प्रदेशात झोडपलं. दुसरा अर्थ, एकेक शक्यता खोडत जाणं आणि शेष उरेल ते घेणं. गिअरचं नाही, म्हणून इंजिनाचं. मिस्त्रीनं दोन्ही अर्थ पाच मिनिटांत वापरले.

पण याहून मोलाची गोष्ट पुढं आहे. न्यायसूत्रांतच एक आक्षेपक उभा राहतो. तो म्हणतो, तुमचं अनुमान भरवशाचं नाही. नदी पावसानं फुगते तशी खाली अडवल्यानंही फुगते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपला प्रकाशाचा बंधारा कल्पून ठेवला होता! त्यावर नैयायिकाचं उत्तर असं की फुगवटा आणि फुगवटा सारखा नसतो. पावसाच्या पुरात ओढ असते, फेस असतो, पानं-लाकडं वाहत येतात. अडवलेल्या पाण्यात ते नसतं. दोष अनुमानाचा नाही, नीट न पाहणाऱ्याचा आहे. आमची प्लेट जळाली, हे मी पाहिलं. कशी जळाली, हे पाहिलं नाही. नुसती पाय ठेवून जळालेली प्लेट कोरडी असते. आमची चिकट होती, वर्कशॉपमध्ये ती माझ्या हाताला लागली होती. मी हात पुसला. आणि कारण काय निघालं? अडवणूक. वायूची वाट अडली, म्हणून तेलाला पूर आला. आक्षेपकाचंच उदाहरण आमच्या अंगणात उभं होतं.

मग ट्रॅक्टर खोलला. हे सांगतो, कारण यातली प्रत्येक पायरी कोणीतरी चुकून शिकलेला आहे. जागा सपाट हवी, आमच्याकडे खळ्याचा पक्का ओटा होता. पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलत असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आधी लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. नाहीतर ट्रॅक्टर दुभंगल्यावर इंजिनाचा अर्धा भाग कलंडतो, आणि त्याखाली माणूस असतो. बॅटरी सोडायची. बॉनेट, डिझेलची टाकी, स्टिअरिंगचा दांडा, वायरी, नळ्या काढायच्या. इंजिनाखाली ठोकळे, गिअरपेटीखाली जॅक. मग मधले बोल्ट. आणि मागचा अर्धा ट्रॅक्टर त्याच्याच मोठ्या चाकांवर हळूहळू हातानं मागं लोटायचा, दोन-तीन फूट. मी लोटायला होतो. ज्या यंत्राचा मी इतकी वर्षं मालक होतो, त्याच्या पोटात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करायचे, एका बाजूनं सोडले तर ती वाकते. फ्लायव्हील काढताना दोन माणसं. त्याच्यामागं सील. आमचं सील दोरीचं होतं, दांड्याभोवती खाचेत दाबून बसवायची काजळलेली दोरी. ती लाकडासारखी कडक झाली होती. मिस्त्रीनं दांडा वर-खाली हलवून पाहिला. बेअरिंग झिजली असती तर दांडा डुलला असता आणि कुठलंही नवं सील टिकलं नसतं. डुलत नव्हता. नवी दोरी तेलात भिजवली, गोल लाकडानं दाबत दाबत बसवली, टोकं किंचित वर ठेवली, म्हणजे दोन अर्ध जुळताना ती एकमेकांवर दाबली जातात. प्लेट मात्र पुन्हा नवीच घ्यावी लागली. वडील म्हणाले, "पेट्रोलनं धुऊन घे ना." तो म्हणाला, "धुतली की वरून साफ होते. तापली की आतलं तेल पुन्हा वर येतं."

जोडताना नवी प्लेट मधोमध धरायला त्यानं जुन्या गिअरपेटीचा एक दांडा वापरला, तो त्यानं सोबतच आणला होता. आणि त्यानं एक गोष्ट बजावली. दोन अर्ध शेवटचे बोटभर जुळत नसतील तर बोल्ट आवळून ओढायचे नाहीत. दात दातात बसलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. फ्लायव्हील हातानं जरा फिरवा, आपोआप सरकेल. जबरदस्ती केली तर नव्या प्लेटचा गाभाच फुटतो. शेवटी पॅडलचा मोकळा खेळ, अंदाजे इंचभर. आणि सगळ्यांत शेवटी खालच्या भोकात नवी पिन. सैल.

हे ज्ञान कुठल्या प्रकारचं? गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या १९४९ च्या पुस्तकात सांगितलं की एखादी गोष्ट अशी आहे हे जाणणं वेगळं आणि ती कशी करायची हे जाणणं वेगळं. मी हे अनेक वर्षं शिकवलं. पण त्या मिस्त्रीला नुसतं 'कसं करायचं' येत होतं असं म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा ओट्याच्या खालीच बसवणं आहे. त्याला कारण माहीत होतं, पुरावा माहीत होता, दुसरी शक्यता का नाही ते माहीत होतं. त्याला विद्या होती. फक्त ती त्याला आपण ज्याला विद्या म्हणतो त्या भाषेत सांगता येत नव्हती, आणि आपल्याला त्याच्या भाषेत ऐकता येत नव्हती.

आता मूळ मुद्दा. मिस्त्री हुशार होता, त्यानं रोग शोधला, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण रोग त्याच्याआधी एकानं सांगितला होता. "जळक्या तेलाचा वास येतो." दोन महिने आधी. नाक त्याचं, जागा त्याची, दिवसाचे दहा तास त्या क्लचच्या वर तो बसलेला. नैयायिक शब्दप्रमाण मानतात, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं हेही ज्ञानाचं साधन. असा विश्वासार्ह माणूस, आप्त, कोण? वात्स्यायन म्हणतो, ज्यानं ती गोष्ट स्वतः अनुभवलीय आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि तो पुढं स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या ओट्यावर आप्त उभा होता, आणि आम्ही त्याच्या पगारातून प्लेटचे निम्मे पैसे कापले.

जूनमध्ये खरं कारण कळल्यावर काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. मी वडिलांना म्हणालो, त्याचे पैसे द्यायला हवेत. वडील म्हणाले, "पाहू." ते वाईट माणूस नव्हते. पैसे परत देणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि त्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरांना मजुरापुढे चूक कबूल करणं जमत नव्हतं. मी पुन्हा विषय काढला नाही. मला नोकरी लागली, मी गाव सोडलं. तो गुजरातकडे गेला असं कोणी म्हणालं. त्यापुढचं मला माहीत नाही. मी शोधलं असतं तर कदाचित कळलं असतं. शोधलं नाही, हेही माझ्याच खात्यात.

वडील गेल्यावर वही माझ्याकडे आली. आमच्या ट्रॅक्टरविषयी लिहिलेला तेवढाच कागद शिल्लक आहे. उद्या एखादा संशोधक आला, सालदारी आणि यांत्रिकीकरण यावर अभ्यास करायला, तर त्याला ती ओळ सापडेल. तो लिहील, अकुशल चालकांमुळे यंत्रांचं नुकसान होत असे. खाली संदर्भ देईल, पानाचा क्रमांक देईल. आणि ते खोटं असेल. कागद मालकाच्या हातचा असतो, म्हणून तो मालकाचंच सांगतो. त्या भोकातून गळणारं तेल मात्र कोणाचं ऐकत नाही.

मागच्या वर्षी मी त्या ओळीखाली शाईनं लिहिलं: वरील नोंद चुकीची आहे. तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून येत होतं, ब्रीदर बुजलेला होता, ड्रायव्हरनं तसं आधी सांगितलं होतं. सही केली, तारीख घातली. पन्नास वर्षं उशिरा. त्यानं कोणाचं पोट भरत नाही, मला कळतं.

शेवटची दोन मिनिटं. माझी विनंती महाविद्यालयांतल्या मुलांना आहे. आपल्या सहाही तालुक्यांत म्हातारे मिस्त्री आहेत, जुने ड्रायव्हर आहेत. त्यांच्यापाशी बसा. पहिला ट्रॅक्टर कोणी आणला, हे विचारू नका. पहिल्यांदा खोलला कोणी, पाना नव्हता तेव्हा काय वापरलं, कशानं बोट गेलं, कोणाचे पैसे कापले गेले, ते विचारा आणि लिहून घ्या. आणि जे आजही जुनी यंत्रं खोलतात त्यांना एक सांगणं. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. आतली धूळ तोंडानं फुंकू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. फुप्फुसात गेलेली ती धूळ वीस-तीस वर्षांनी बोलते, आणि तेव्हा तिचंही कारण कोणी क्लचशी जोडत नाही.

घरी ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी खाली वाकून ती पिन हलते का पाहा. आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारा, वास कसला येतो.

प्रश्न असतील तर घेऊ. आधी मागच्या रांगेतले.